दांडगोनियाचा संघ आणि फाऊलचं दरपत्रक

दांडगोनिया नावाचा देश नकाशावर सापडणार नाही. तो मी या लेखापुरता वसवलाय. त्याचा राष्ट्रीय फुटबॉल संघ मात्र तुमच्या ओळखीचा निघेल. पायात पाय घालणारे बचावपटू, मधल्या फळीत एक गडी असा की चेंडू मिळवण्यापेक्षा माणूस आडवा करण्यातच ज्याचा हातखंडा, आणि सामना संपल्यावर समोरच्या संघाच्या नडग्यांवर बर्फाच्या पिशव्या. वर्ल्ड कपचा ड्रॉ निघतो तेव्हा दांडगोनियाच्या गटातले बाकीचे तीन प्रशिक्षक आपापल्या स्टार खेळाडूच्या घोट्यांसाठी देवाला साकडं घालतात.

अशा संघाबद्दल बोलताना आपण चटकन स्वभावावर येतो. त्यांचं रक्तच गरम, हरायला लागले की अंगावर येतात, वगैरे. कोल्हापूरच्या पेठांत वर्ल्ड कपच्या महिनाभर ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, तिथल्या कट्ट्यावर हे हमखास ऐकायला मिळेल. मला ते पटत नाही. धसमुसळा संघ क्वचितच डोकं फिरलेला असतो. उलट नियमांचं पुस्तक सगळ्यांत बारकाईने त्यानेच वाचलेलं असतं, आणि ते तो दरपत्रकासारखं वाचतो. हल्ला अर्ध्यात तोडायचाय, भाव किती? समोरचा दहा नंबर, म्हणजे हल्ल्याची सूत्रं हलवणारा गडी, थंड करायचाय, भाव किती? परवडलं तर घेतो, नाहीतर दुसरं काही बघतो.

तर आधी आजचे भाव काय आहेत ते पाहू.

फुटबॉलच्या कायद्यात १७ कलमं आहेत. दांडगाईचा सगळा कारभार बाराव्या कलमात येतो. तिथे धक्का, लाथ, पाय अडकवणं, टॅकल यांसाठी तीन पायऱ्या आहेत. खेळाडू निष्काळजी होता, म्हणजे जेवढं भान ठेवायला हवं तेवढं ठेवलं नाही, तर फ्री किक, कार्ड नाही. बेपर्वा होता, म्हणजे समोरच्याला लागेल याची फिकीरच केली नाही, तर पिवळं कार्ड, म्हणजे ताकीद. आणि गरजेबाहेर जोर लावून समोरच्याला धोक्यात टाकलं, तर थेट लाल, म्हणजे मैदानाबाहेर.

या तिन्ही पायऱ्यांत 'मुद्दाम' हा शब्द कुठेच नाही. रेफरीने खेळाडूच्या मनात शिरायचं नसतं. त्याने वेग बघायचा, बुटाचे खिळे समोरच्याकडे वळलेत का ते बघायचं, पाय ताठ होता की गुडघ्यात वाकलेला, लागलं ते पावलावर की नडगीवर की त्याहून वर, हे बघायचं. म्हणून 'आधी चेंडूला लागला होता ना!' या गर्जनेला फारसा अर्थ उरत नाही. चेंडू मिळाला आणि त्याच झपाट्यात समोरच्याची नडगी फुटली, तरी लाल कार्ड निघू शकतं.

कागदावर हे स्वच्छ दिसतं. मैदानात काय होतं ते जोहान्सबर्गला ११ जुलै २०१० रोजी जगाने पाहिलं. हॉलंड विरुद्ध स्पेन, फायनल. अठ्ठाविसाव्या मिनिटाला चेंडू हवेत असताना हॉलंडच्या नायजेल डी योंगने पाय उचलला आणि बुटाचे खिळे थेट झाबी अलोन्सोच्या छातीत रोवले. कायद्याची तिसरी पायरी शिकवायला याहून चांगलं चित्र मिळणार नाही. रेफरी हॉवर्ड वेब यांनी पिवळं दाखवलं. त्यांच्या नजरेच्या आड मध्ये कोणीतरी आलं होतं. नंतर चित्र पाहिल्यावर ते लालच होतं हे त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. त्या सामन्यात १४ पिवळी कार्डं निघाली, हॉलंडचा हायटिंगा दुसऱ्या पिवळ्यावर बाहेर गेला आणि जादा वेळेत इनिएस्ताच्या गोलने स्पेन जिंकलं. हॉलंडचेच महान माजी खेळाडू योहान क्रायफ यांनी आपल्या देशाच्या त्या खेळाला जाहीरपणे नावं ठेवली.

आता हे दर ठरले कसे? त्यासाठी मागे जावं लागतं, कारण दरपत्रकातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुणीतरी कुणाचा तरी पाय मोडल्यानंतर लिहिली गेली आहे.

१९७० च्या आधी कार्डं नव्हतीच. रेफरी खिशातली वही काढायचा, नाव लिहायचा, तोंडाने समज द्यायचा. समज दिली की नाही, हे प्रेक्षकांना सोडाच, कधीकधी खेळाडूलाही कळायचं नाही. चिलीतल्या १९६२ च्या वर्ल्ड कपमध्ये २ जूनला सँटियागोला यजमान चिली आणि इटली भिडले. हवा आधीच तापलेली होती. १९६० च्या महाभूकंपातून चिली जेमतेम सावरत होता आणि इटालियन पत्रकारांनी त्या शहराबद्दल अपमानास्पद लिहिलं होतं. आठव्याच मिनिटाला इटलीच्या फेरीनीला रेफरी केन ॲस्टन यांनी बाहेर जायला सांगितलं. तो जाईना. शेवटी पोलिसांनी त्याला मैदानाबाहेर नेलं. पुढे चिलीच्या लिओनेल सांचेझने इटलीच्या मारिओ डेव्हिडला ठोसा लगावला. सांचेझचे वडील मुष्टियोद्धे होते, त्यामुळे ठोशात तालीम दिसत होती म्हणतात. तो मैदानातच राहिला. डेव्हिडने काही वेळाने सांचेझच्या डोक्याच्या उंचीला लाथ घालून हिशेब पुरा केला, तेव्हा मात्र डेव्हिड बाहेर. त्याच सांचेझने इटलीच्या माश्चिओचं नाक फोडलं, तरी तो शेवटपर्यंत खेळला. चिली २-० ने जिंकला.

दांडगोनियाच्या दृष्टीने तो सुवर्णकाळ. पण ठोशांपेक्षा मोठी सवलत वेगळीच होती आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: तेव्हा वर्ल्ड कपमध्ये बदली खेळाडू उतरवता येत नसे. म्हणजे तुम्ही समोरच्याचा हुकमी एक्का लंगडा केलात, तर समोरचा संघ कायमचा दहा जणांवर, किंवा साडेदहावर म्हणा. आणि तुमचे अकराच्या अकरा शाबूत. १९६६ ला इंग्लंडमध्ये पेलेच्या बाबतीत हेच झालं. पहिल्या सामन्यात बल्गेरियाच्या झेचेव्हने त्याला इतकं तुडवलं की पुढच्या, हंगेरीविरुद्धच्या सामन्यात तो उतरू शकला नाही. तिसऱ्यात पोर्तुगालच्या मोराइसने एकाच धावेत त्याला दोनदा पाडलं. मोराइस मैदानात राहिला. पेले उरलेला सामना लंगडत खेळला. ब्राझील ३-१ ने हरून गटातच बाद झाला. गुन्ह्याची शिक्षा शून्य आणि बक्षीस भरघोस. अशा भावात कोण खरेदी करणार नाही?

त्याच स्पर्धेत २३ जुलैला वेम्बलीवर इंग्लंड-अर्जेंटिना उपांत्यपूर्व सामना झाला. जर्मन रेफरी क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रात्तीनला बाहेर काढलं. रात्तीनला जर्मन येत नव्हतं, रेफरीला स्पॅनिश येत नव्हतं. कर्णधार दुभाषी मागत उभा राहिला, खेळ कितीतरी मिनिटं खोळंबला. रेफरींची जबाबदारी तेव्हा केन ॲस्टन यांच्याकडे होती, तेच, सँटियागोचे. वेम्बलीहून गाडीने परतताना केन्सिंग्टनच्या रस्त्यावर सिग्नल पिवळ्याचा लाल होताना त्यांना कल्पना सुचली की सावध राहा आणि थांबा हे दोन निरोप कुठल्याही भाषेशिवाय देता येतात. १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून कार्डं आली. त्याच स्पर्धेत प्रत्येक संघाला दोन बदली खेळाडूही मिळाले. माझ्या मते दांडगाईला पहिला खरा धक्का कार्डांपेक्षा या दोन माणसांनी दिला. एक्का जायबंदी केला तर आता त्याच्या जागी ताजा गडी येणार होता. फाऊलचं बक्षीसच निम्म्यावर आलं.

मेक्सिकोत एकही लाल कार्ड निघालं नाही. पहिलं निघालं १९७४ ला, चिलीच्या कार्लोस कासेलीला, पश्चिम जर्मनीविरुद्ध.

पण नवी भिंत उभी राहिली की दांडगोनिया आधी तिच्यातली फट शोधतो. पहिली फट म्हणजे पहिला फाऊल. सामन्याच्या सुरुवातीला रेफरी कार्ड काढायला कचरतो, ही समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे. म्हणून 'पहिल्या पाच मिनिटांत त्याला आपली ओळख करून दे' असा सल्ला बचावपटूंना मिळतो. कधीकधी तो अंगाशी येतो. १९८६ ला मेक्सिकोत उरुग्वेच्या होजे बातिस्ताने स्कॉटलंडच्या गॉर्डन स्ट्रॅकनला मागून उडवलं आणि फ्रेंच रेफरीने ५६ व्या सेकंदाला लाल कार्ड काढलं. उरलेली एकोणनव्वद मिनिटं उरुग्वे दहा जणांत खेळलं. निकाल? ०-०. उरुग्वेला पुढे जायला बरोबरी पुरेशी होती, स्कॉटलंडला विजय हवा होता. उरुग्वे पुढे, स्कॉटलंड घरी. फक्त बरोबरी हवी असेल तेव्हा लाल कार्डाचा भावसुद्धा झेपू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

दुसरी फट: एकट्याने सतत, पण प्रत्येक वेळी थोडंथोडं. १९८२ ला इटलीच्या क्लाउडिओ जेंटिलेवर मॅराडोनाची जबाबदारी होती. त्या सामन्यात मॅराडोनावर २३ फाऊल झाले. शर्ट ओढणं, पाठीला छाती लावणं, टाचेवर बूट. यातलं एकेक घेतलं तर किरकोळ. जेंटिलेला पिवळं कार्ड एकच मिळालं. इटली २-१ ने जिंकली आणि पुढे कपही घेऊन गेली.

तिसरी फट शेवटच्या माणसाची. गोलकीपरशिवाय समोर कुणी उरलं नसताना हल्लेखोराला मागून खाली ओढलं, तर बदल्यात फक्त फ्री किक आणि फार तर पिवळं. नक्की होणारा गोल इतक्या स्वस्तात टळत असे. १९९० च्या सुमारास ही ओळ बदलली: गोलची स्पष्ट संधी फाऊलने हिरावली तर लाल. पुढे असं लक्षात आलं की हा भाव कधीकधी जास्तच चढतो. एकाच चुकीला पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढच्या सामन्याची बंदी. म्हणून २०१६ ला दुरुस्ती झाली. पेनल्टी क्षेत्रात, चेंडू खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न करताना चूक झाली, तर पेनल्टी आणि पिवळं पुरे. ओढाओढी केली तर मात्र जुनाच भाव.

मागून केलेल्या टॅकलचा भाव १९९८ च्या फ्रान्स वर्ल्ड कपच्या वेळी चढवला. ज्यांनी हॉलंडचा हल्लेखोर मार्को व्हॅन बास्टेनला खेळताना पाहिलंय त्यांना तो बदल उशिरा आला असंच वाटेल. घोट्यांची दुर्दशा होऊन तो १९९५ ला निवृत्त झाला, वयाच्या तिशीत.

एवढे दर वाढल्यावर दांडगोनियाने धंदा बंद करायला हवा होता. त्याने काय केलं ते समजून घ्यायला २०१४ चा ब्राझील-कोलंबिया सामना बघावा, ४ जुलै, फोर्टालेझा. सुंदर खेळाचं माहेरघर म्हणवणाऱ्या ब्राझीलने त्या दिवशी ३१ फाऊल केले, कोलंबियाने २३. निशाण्यावर होता कोलंबियाचा बावीस-तेवीस वर्षांचा हामेस रॉड्रिगेझ. युक्ती साधी होती: एकाच माणसाने त्याला पाडायचं नाही. एकदा याने, एकदा त्याने, पुढच्या वेळी तिसऱ्याने. प्रत्येकाच्या नावावर एखाद-दुसरा किरकोळ फाऊल. हामेसच्या पायावर सगळ्यांची बेरीज. वारंवार फाऊल करणाऱ्याला पिवळं दाखवावं असं कायदा सांगतो खरा, पण किती वेळा म्हणजे वारंवार, हा आकडा त्यात नाही. आणि कार्ड माणसाला मिळतं, संघाला नाही. पहिलं पिवळं कार्ड निघायला एक तासाहून अधिक वेळ गेला. गंमत म्हणजे त्या सामन्यात हामेसलाच एक पिवळं मिळालं.

पण रेफरीने मुठी आवळल्या नाहीत की दोन्ही बाजू सैल सुटतात. शेवटच्या काही मिनिटांत कोलंबियाच्या झुनिगाचा गुडघा नेमारच्या पाठीत बसला. मणक्याला फ्रॅक्चर, स्पर्धा संपली. त्यालाही कार्ड नाही. ब्राझीलचा कर्णधार थियागो सिल्वा गोलकीपरला आडवा गेल्याबद्दल पिवळं घेऊन बसला आणि स्पर्धेतल्या दुसऱ्या पिवळ्यामुळे उपांत्य सामन्याला मुकला. तो उपांत्य सामना म्हणजे जर्मनीविरुद्धचा १-७. ब्राझीलने स्वस्तात घेतलेला माल चार दिवसांत किती महाग पडला ते सांगायला नको.

पाळीपाळीने पाडण्याची ही पद्धत फुटबॉलमध्येच चालते याला कारण आहे. बास्केटबॉलमध्ये संघाच्या फाऊलची बेरीज होते. एका क्वार्टरमध्ये पाचव्या फाऊलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो. फुटसालमध्ये, म्हणजे फुटबॉलच्याच धाकट्या भावात, एका सत्रातल्या सहाव्या फाऊलपासून दहा मीटरवरून थेट किक, आणि मध्ये भिंत लावायची नाही. तिथे दांडगोनियाचा हिशेब कोलमडतो. मोठ्या फुटबॉलमध्ये संघाचं खातंच नाही.

इथे एक वेगळा नमुना सांगतो, कारण त्यात दांडगाई अशी काही नव्हती. २००२ ची उपांत्य फेरी, जर्मनी विरुद्ध दक्षिण कोरिया. गोल झालेला नाही, कोरियाचा हल्ला सुटलाय. मिखाएल बालाकने ७१ व्या मिनिटाला तो फाऊल करून तोडला. त्याच्या नावावर स्पर्धेतलं आधीचं एक पिवळं होतं. हे मिळालं की फायनल हुकणार हे त्याला माहीत होतं. चारच मिनिटांनी त्यानेच गोल मारला, जर्मनी १-० ने जिंकलं, आणि फायनल त्याने बाहेर बसून पाहिली. त्याला कुणी गुंड म्हटलं नाही. २०१० च्या स्पर्धेपासून उपांत्यपूर्व फेरीनंतर एकेकटं पिवळं पुसलं जाऊ लागलं, ते अशाच हळहळीतून.

आणि मग कॅमेरे आले. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये २८ लाल कार्डं निघाली होती. त्यातली चार एकट्या न्यूरेम्बर्गच्या पोर्तुगाल-हॉलंड सामन्यातली, सोबत १६ पिवळी. सातव्या मिनिटाला हॉलंडच्या बूलारूझने रोनाल्डोच्या मांडीवर बूट रोवला, फक्त पिवळं मिळालं, आणि अर्ध्या तासाने रोनाल्डो रडत बाहेर गेला. तिथून सामना जो घसरला तो घसरलाच. बार्सिलोनात एकत्र खेळणारे पोर्तुगालचा डेको आणि हॉलंडचा व्हॅन ब्रॉन्कहोर्स्ट, दोघेही हाकलले गेल्यावर, कडेच्या पायऱ्यांवर शेजारी बसून गप्पा मारत होते. कोण म्हणेल हे चिडून खेळत होते म्हणून! २०१८ ला व्हीएआर आला, म्हणजे खोलीत बसून व्हिडिओ पाहणारा रेफरीचा मदतनीस. त्या स्पर्धेत लाल कार्डं चार. २०२२ लाही चार. सामने तेवढेच, ६४.

याचा अर्थ खेळ साधुसंतांचा झाला असा नाही. व्हीएआरची खोली लाल कार्डाच्या लायकीची आगळीक शोधते. चेंडू हरवल्यावर लगेच, मैदानाच्या मध्यावर, समोरच्याचा शर्ट दोन बोटांनी ओढणं तिच्या खिजगणतीत नाही. आजचा दांडगोनिया तिथेच खरेदी करतो. कोपर मारणं महाग, घोटा चिरडणं महाग, पण गोलपासून पन्नास मीटरवरचा हलका धक्का अजून जवळजवळ फुकट. आणि हे करणाऱ्या संघांना आपण आता 'शिस्तबद्ध' म्हणतो.

यावर उपाय नाही असं नाही. तो शेजारच्या खेळात आहे. हॉकीत हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, त्याच सामन्यात, लगेच. पिवळं म्हणजे किमान पाच. लालचा फटका काय असतो ते पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपण ४ ऑगस्ट २०२४ ला श्वास रोखून पाहिलं. ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासची स्टिक समोरच्याच्या चेहऱ्याला लागली आणि व्हिडिओ पाहून त्याला लाल मिळालं. साठ मिनिटांच्या सामन्यात त्रेचाळीस मिनिटं भारत दहा जणांत. १-१, मग शूटआउट, श्रीजेश, ४-२. जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात रोहिदास बंदीमुळे नव्हता आणि भारत २-३ ने हरला. मुद्दाम मारलं नव्हतं असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. पण वर पाहिलंच, हा प्रश्न पंचाला विचारायचाच नसतो.

फुटबॉलमध्ये थोड्या वेळापुरतं बाहेर बसवण्याचा नियम मुलांच्या, ज्येष्ठांच्या आणि हौशी पातळीवरच्या सामन्यांत २०१७ पासून चालतो. वरच्या पातळीवर तो आणायला विरोध आहे. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की एक गडी दहा मिनिटं बाहेर गेला की उरलेले दहा आपल्या गोलसमोर ठाण मांडून बसतील, चेंडू मिळाला की गॅलरीत भिरकावतील, आणि गोलकीपरच्या पोटरीत बरोबर त्याच दहा मिनिटांत गोळा येईल.